नवऱ्याच्या नावाचा रकाना

एका मंगळवारी दुपारी माझ्या पत्नीने दादरच्या कोर्टात माझं नाव घेतलं. तेव्हा आमच्या लग्नाला सात वर्षं झाली होती.

लग्नात घेतलं होतं, ते मी धरत नाही. तिथे उखाणा होता, चार बायका कोपराने ढोसत होत्या, आणि नाव यमकाच्या आडून कसंबसं बाहेर आलं होतं. पुढची सात वर्षं मी घरात 'अहो' होतो आणि शेजारणींपाशी 'हे' होतो. ती बी. ए. झालेली, मी गिरगावातल्या एका शाळेत मराठी शिकवणारा. आम्ही दोघंही पुष्कळ वाचत होतो, वाचलेल्यावर वाद घालत होतो. पण नाव न घेण्याबद्दल आमच्यात कधी वाद झाला नाही. तो वादाचा विषयच नव्हता.

ती सरकारच्या कामगार खात्यात इन्स्पेक्टर होती. बायका काम करतात त्या कारखान्यांत जायचं, त्या किती वाजता येतात आणि किती वाजता सुटतात, प्यायला पाणी आहे का, बसायला जागा आहे का, रजिस्टर खरं आहे का, हे पाहायचं आणि अहवाल द्यायचा, हे तिचं काम. आमच्या चाळीत त्याची थट्टा चाले. खालच्या मजल्यावरच्या काकू मला जिन्यात अडवून विचारत, "काय मास्तर, आज घरची तपासणी झाली का? पास की नापास?"

"अहवाल यायचाय, काकू."

"येईल, येईल. मोरीपासून सुरुवात करायला सांगा."

सुरुवात ती खरोखरच मोरीच्या बाजूने करी. कारखान्यात पुढच्या फाटकाने शिरत नसे. "पुढून गेलं की आधी मॅनेजर भेटतो, मग चहा येतो, आणि चहा निवेपर्यंत आतलं सगळं नीटनेटकं होतं," असं तिचं म्हणणं. मागच्या दाराने जाऊन ती प्रथम पाण्याचं पिंप पाही आणि त्यावरच्या पेल्यात बोट फिरवी. पिंप काठोकाठ भरलेलं आणि पेला कोरडा ठणठणीत असला, तर ते पिंप आपल्यासाठी भरलंय हे तिला कळे. मग ती बायकांमध्ये जाऊन बसे. कारखान्यातला चहा तिने नोकरीच्या अखेरपर्यंत घेतला नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर ती टिपणं माझ्यासमोर ठेवी आणि मी त्यांची स्वच्छ प्रत करी. माझं अक्षर चांगलं होतं आणि तिचं चालत्या माणसाचं होतं. वहीतले रकाने मीच पट्टीने आखत असे: बाईचं नाव, नवऱ्याचं नाव, वय, काम, कधीपासून. या रकान्यांतच पुढची सगळी गोष्ट आहे.

लालबागच्या एका गल्लीत बामच्या बाटल्या भरण्याचा कारखाना होता. तिसेक बायका लांबट टेबलांना बसून बाटल्या भरत, बुचं लावत, लेबलं चिकटवत. तिथून आली की तिच्या लुगड्याला दोन दिवस निलगिरीचा वास येई. त्या वासाने डोळे चुरचुरत म्हणून बायका पदर नाकावरून घट्ट बांधून बसत. तिथे ती वर्षभराच्या अंतराने दोनदा तपासणीला गेली होती. दोन्ही वेळा शेवटून दुसऱ्या टेबलावर एक बाई तिला भेटली. कोकणातून आलेली, चाळीत राहणारी, लेबल लावण्यात सगळ्यांहून चपळ. तिचा नवरा गिरणीत होता.

तिसऱ्यांदा ती बाईच आमच्या घरी आली. खांद्याशी दीड महिन्याची मुलगी होती.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे होते. आमच्या शाळेच्या भिंतीवर रोज नवी घोषणा रंगवलेली दिसे, आणि रोज कोणीतरी ती पुसून जाई. मी मोर्चांत मागच्या रांगेत चालत असे. सरकारी नोकर म्हणून पत्नीला येता येत नसे. या बाईचा नवरा गिरणगावातल्या एका तुकडीबरोबर सत्याग्रहाला गेला आणि त्याला शिक्षा झाली. तो आत गेल्यावर आठ दिवसांनी ही बाळंत झाली. सुट्टी संपवून कामावर गेली, तर टाइमकीपरने तिला दारातच सांगितलं, "तुझी नोकरी सातच महिन्यांची. नऊ महिने भरलेले नाहीत. तुला बाळंतपणाची सुट्टीच लागू नाही. तुझ्या जागी दुसरी बसली."

कायदा असाच होता. नऊ महिने नोकरी झालेल्या बाईला बाळंतपणाची सुट्टी मिळे, आणि त्या सुट्टीत तिला कामावरून काढता येत नसे. ही बाई तिथे तीन वर्षं काम करत होती. पण कागदावर ती दोन बायका झाली होती.

झालं होतं ते असं. ती कामाला लागली तेव्हा तिची नणंदही तिथेच होती. टाइमकीपरने नवऱ्याचं नाव विचारलं, हिने मान खाली घातली, आणि बहिणीला भावाचं नाव घ्यायला हरकत नसल्यामुळे नणंदेने ते सांगून टाकलं. पुढे नणंद लग्न होऊन गावी गेली. सात महिन्यांपूर्वी मालकाने नवं रजिस्टर घातलं. टाइमकीपरने पुन्हा विचारलं, हिने पुन्हा मान खाली घातली. या वेळी शेजारी बसणाऱ्या बाईने सांगितलं. पण तिला चाळीतलं हाकेचं नाव तेवढं ठाऊक. तेच लिहिलं गेलं. रजिस्टरात बायकांच्या नुसत्या नावाला किंमत नसते, कारण या बाईचं नाव लालबागच्या प्रत्येक चाळीत चार जणींना होतं. नवऱ्याच्या नावावरून बाई ओळखायची. तेव्हा मालकाने सोय पाहिली: अमक्याची बायको तीन वर्षांपूर्वी लागली आणि काम सोडून गेली, तमक्याची बायको सात महिन्यांपूर्वी लागली. दोन नवरे, म्हणून दोन बायका.

"मी तिला स्वतः पाहिलंय," पत्नी मला म्हणाली. "दोन्ही वेळा. त्याच टेबलावर. माझ्या टिपणांत असेल."

आम्ही वही काढली. दोन्ही तपासण्यांत बाईचं नाव होतं, वय होतं, काम होतं, कधीपासून तेही होतं. नवऱ्याच्या नावाचा रकाना रिकामा होता. तिचाच नव्हे, तिसाच्या तीस जणींचा. वही मागे चाळत गेलो. परळचा कारखाना, माहीमचा कारखाना, सगळीकडे तो रकाना वरपासून खालपर्यंत कोरा. तिने एकाही बाईला नवऱ्याचं नाव विचारलं नव्हतं, आणि एकाही बाईने ते सांगितलं नव्हतं.

खोटं रजिस्टर ठेवल्याबद्दल मालकावर खटला भरला गेला. खटला रजिस्टरचा होता, पण बाईची जागा त्यावर टांगलेली होती. रजिस्टर खोटं ठरलं तर मालकाला तिला परत घ्यावं लागणार होतं. नाही ठरलं, तर अंगावर पिणाऱ्या मुलीसकट तिला दुसरा कोणताही कारखाना उभं करणार नव्हता, आणि नवरा अजून चार महिने सुटणार नव्हता.

तुरुंगातून नवऱ्याचं कार्ड आलेलं होतं, त्यावर त्याचं खरं नाव होतं. पण कार्डावरचा माणूस हिचाच नवरा, हे तिने कोर्टात आपल्या तोंडाने सांगणं भाग होतं. नणंद तिकडे गावी स्वतःच बाळंतीण होती, बोटीचा प्रवास करून येणं तिला शक्य नव्हतं.

एका रविवारी सकाळी आम्ही दोघं लालबागला तिच्या खोलीवर गेलो. पत्नीला तिथे इन्स्पेक्टर म्हणून जायचं नव्हतं, म्हणून मला बरोबर घेतलं होतं. दारात शेजारणी जमल्या. शेजारची एक मालवणी म्हातारी उंबऱ्यावरच बसली.

"नाव तेवढं सांगायचं," पत्नी म्हणाली. "एकदाच."

"काय ओ बाई, असं कसं सांगायचं? ते तिकडे कोठडीत, नि मी इथं नाव घेऊ?"

"घोवाचा नाव घेतला तर तेचा आयुष्य कमी होता," म्हातारी म्हणाली. "नि तुरुंगातल्या माणसाचा तर आधीच अर्धा झालेला आसता."

"आजी, असं काही नसतं."

"तुका काय म्हायत? तुझो घोव हयसर बसलोहा धडधाकट."

पत्नीने पुन्हा तिच्याकडे वळून सांगितलं, "नाव नाही घेतलंस तर जागा जाईल तुझी."

"जागा गेली तर दुसरी बघेन. नवरा दुसरा कुठून आणू?"

दारातल्या बायका हसल्या. ती मात्र हसली नाही. मुलीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत तिने पत्नीकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "बाई, तुमी घेता का तुमच्या मालकांचं? हे काय, समोरच बसलेत. घ्या बघू."

पत्नीने तोंड उघडलं. माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहू लागलो. खोलीतल्या सगळ्या बायका वाट पाहत होत्या. तिच्या तोंडून नाव निघालं नाही.

"बघा!" ती बाई म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. आपलं म्हणणं सिद्ध झालं एवढाच भाव होता. मग तिने आम्हाला चहा दिला. कारखान्यात न घेतलेला चहा पत्नीने तिथे घेतला.

ट्रामच्या थांब्यापर्यंत पत्नी माझ्यापुढे चालत होती. तिथे उभं राहिल्यावर म्हणाली, "अहो, रकाने तुम्ही आखलेत ना?"

"हो."

"दोन वर्षं तुम्ही प्रती काढताय. एक अख्खा रकाना कोरा जातोय, हे तुम्हाला कधी खटकलं नाही?"

"नाही खटकलं."

"मलाही नाही." ट्राम येताना दिसली तशी तिने पदर खोचला. "ठीक आहे. चूक कुठे आहे ते सापडलं. सापडलेली चूक दुरुस्त करता येते."

तिचा स्वभाव असा होता. मला चूक सापडली की मी आठवडाभर तिच्याभोवती फिरत राहतो. तिला चूक सापडली की काम सापडलं असं वाटे.

मंगळवारी मी शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा काढली आणि कोर्टात शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. ती बाई पुढच्या भिंतीशी मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. प्रथम पत्नीला पुकारलं. शपथेआधी कारकुनाने पूर्ण नाव विचारलं, आणि सवयीप्रमाणे तिने आपलं छापील कार्ड पुढे केलं. सात वर्षं तिने आपलं पूर्ण नाव असंच सांगितलं होतं, बँकेत, पोस्टात, कचेरीत. कार्ड देऊन किंवा लिहून.

मालकाचे वकील उठले. वयस्कर, सभ्य गृहस्थ होते, आणि त्यांनी तिची टिपणं बारकाईने वाचलेली होती.

"साक्षीदाराने नाव तोंडी सांगावं," ते म्हणाले. "सगळ्यांना ऐकू येईल असं."

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी मान हलवली. मी बाकाची कड धरली. पत्नीने मागे वळून पाहिलं नाही. वर्गात हजेरी द्यावी तसं तिने आपलं नाव उच्चारलं, मग माझं नाव, मग आडनाव. आवाज चढला नाही, अडखळलाही नाही. माझं नाव तिच्या आवाजात कसं वाटतं, हे मला त्या क्षणी कळलं. भिंतीशी बसलेल्या बाईने एकदम वर पाहिलं.

"आता या टिपणांविषयी," वकील म्हणाले. "तीस बायका, नाकापर्यंत पदर बांधलेल्या. त्यांत हीच बाई दोनदा पाहिली असं आपण म्हणता. पण नवऱ्याच्या नावाचा रकाना आपण दोन्ही वेळा कोरा ठेवलात. का?"

"चुकलं माझं."

"कसं चुकलं?"

"मी विचारलं नाही. मला स्वतःला कधी घेता आलं नव्हतं, म्हणून दुसरीला विचारणं बरं वाटलं नाही. आत्ता तुम्ही मला विचारलंत, तसं मी त्यांना विचारायला हवं होतं."

"म्हणजे आपली टिपणं अपुरी आहेत."

"त्या रकान्यापुरती. बाकीची पुरी आहेत. आणि जे मी विचारलं नाही, ते आता ती सांगेल."

हे तिने इतक्या खात्रीने म्हटलं की मला भीती वाटली. रविवारनंतर ती बाई तिला भेटलेली नव्हती.

मग त्या बाईला पुकारलं. मुलगी तिने कोर्टाच्या शिपायाच्या हातात दिली, आणि तो बिचारा तिला पिंजऱ्याच्या बाजूला तशीच धरून उभा राहिला. स्वतःचं नाव तिने सांगितलं. कारकून थांबला. "नवऱ्याचं?"

तिने मान खाली घातली. वकील हळूच म्हणाले, "साहेब, याची नोंद व्हावी. साक्षीदाराला आपल्या नवऱ्याचं नाव सांगता येत नाही."

"येतं," ती म्हणाली. "येत नाय असं कोण म्हणतं?" पदर सावरून तिने पत्नीकडे पाहिलं आणि भराभर म्हणून टाकलं:

"गिरणगावच्या नाक्यावर भोंगा होतो तीनदा,
—रावांचं नाव घेते कोर्टापुढं एकदा!"

मधलं नाव तिने खणखणीत घेतलं होतं. ते इथे गाळलं आहे ते मी. कोर्टात हशा पिकला. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी टाचणीची डबी टेबलावर आपटली, पण तेही चष्मा पुसू लागले. अडचण झाली ती दुभाष्याची. साक्षीचं इंग्रजी त्याला करायचं होतं, आणि तो भोंग्यापाशीच अडकला.

"यमक सोडा," साहेब म्हणाले. "नाव लिहा."

तुरुंगाचं कार्ड पुढे करण्यात आलं. त्यावर तेच नाव होतं. काम सोडून गेलेल्यांची मालकाने दिलेली यादी वाचली गेली. तीन वर्षांपूर्वी लागून काम सोडून गेलेल्या बाईच्या नवऱ्याचंही तेच नाव होतं.

"मग बाई, तुम्ही काम कधी सोडलंत?" साहेबांनी विचारलं.

"सोडलं कुठं, साहेब? सुट्टीला गेले तवा निम्म्या पेटीला लेबलं लावायची राहिलेली माझी."

रजिस्टर खोटं ठरलं. पुढच्या सोमवारी ती आपल्या टेबलावर परत बसली. पत्नी मागच्या दाराने जाऊन ते पाहून आली. त्या मंगळवारी कोर्टाबाहेर पडताना मालकाचे वकील मला जिन्यात भेटले. मी कोण हे त्यांनी ओळखलं होतं. छत्री उघडत म्हणाले, "मास्तर, तुमचं नाव मला फार महागात पडलं."

त्या संध्याकाळी घरी ती नेहमीसारखी म्हणाली, "अहो, वही घ्या." नावाचा विषय तिने काढला नाही आणि मीही काढला नाही. घरात तिने ते पुढेही कधी घेतलं नाही. पण कारखान्यांत घेत राहिली. तिने आपली पद्धतच बदलली. बायकांमध्ये जाऊन बसली की आधी आपलं पूर्ण नाव सांगायची, माझ्या नावासकट, मोठ्याने, आणि मग विचारायची, "मी घेतलं. आता तुम्ही घ्या." काही जणी सरळ सांगत, काही उखाणा घेत, काहींचं शेजारीण सांगे आणि त्या मान हलवून खरं-खोटं करत. ज्यांना काहीच जमत नसे, त्यांच्याकडून नवऱ्याचं एखादं कार्ड किंवा पावती ती मागून घेई. वडाळ्याच्या एका कारखान्यात मी एकदा तिला छत्री द्यायला गेलो, तर फाटकावरच्या बाईने मला नखशिखांत न्याहाळून आत हाक दिली, "अगो, नाववाले इलेहत!"

चार महिन्यांनी त्या बाईचा नवरा सुटला. दोघं मुलीला घेऊन आमच्याकडे आली. तो आनंदी माणूस होता. पत्नीला नमस्कार करून म्हणाला, "बाई, माझं आयुष्य किती कमी झालं ते विचारायला आलोय."

"ते आमच्या खात्याकडे नाही," पत्नी म्हणाली.

"मी हिला सांगितलं, कोर्टात घेतलंस, आता घरात पण घेत जा. तर काय म्हणते माहीत आहे?"

"मग?" त्याची बायको म्हणाली. "घरात कशाला? घरात तुमी समोरच असता."

तो पुढे सत्तरी ओलांडून गेला. त्या म्हातारीचं म्हणणं खरं ठरलं नाही, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो.

माझी पत्नी गेली त्याला आता अकरा महिने झाले. तिचे दिवस केले तेव्हा ती बाई आली होती. थकली आहे, मुलीचा हात धरून जिना चढली. त्याच कारखान्यात ती नोकरी पुरी करून निवृत्त झाली. दोघी बराच वेळ बसल्या. मी मुलीला सांगितलं की तू त्या दिवशी शिपायाच्या हातात होतीस. तिला ते पूर्वीच ठाऊक होतं.

कारखाना आता नाही. मालक, वकील, मॅजिस्ट्रेटसाहेब आणि दुभाष्या यांपैकी कोणी हयात असल्याचं मला माहीत नाही. ती बाई लालबागला त्याच खोलीत राहते, मी गिरगावात राहतो. त्या मंगळवारी कोर्टात असलेल्यांपैकी माझ्या माहितीत आम्ही तिघं आहोत: ती, तिची मुलगी आणि मी.